जीमॅटची तयारी: तर्क, व्याकरण आणि गणित तिन्हींची चावी वाचनात आहे

जीमॅट, म्हणजे व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीची परीक्षा. तिची तयारी सुरू करणारे बरेच जण पहिल्याच आठवड्यात सूत्रांची वही काढतात आणि अवघड इंग्रजी शब्दांची यादी पाठ करायला घेतात. परीक्षेत मात्र शब्दांचे अर्थ थेट विचारत नाहीत. गणितही, क्रमचय-संचय आणि संभाव्यतेचा थोडा भाग सोडला तर, दहावीच्या पलीकडे जात नाही. तरीही चांगले शिकलेले, आकडेमोडीत पटाईत लोक इथे अडखळतात. त्यांचे चुकलेले प्रश्न तपासले की बहुतेक ठिकाणी एकच कारण दिसतं: प्रश्नात जे विचारलं होतं त्याऐवजी त्याच्या शेजारचं काहीतरी त्यांनी सोडवलेलं असतं. म्हणून हा संपूर्ण लेख मी वाचनाभोवती बांधला आहे. तर्क, व्याकरण, गणित ही तीन नावं वेगळी असली तरी तिन्हीकडे गुण जातात ते वाक्य नीट न वाचल्यामुळे.

आधी परीक्षा समजून घ्या

नोव्हेंबर 2023 मध्ये जीमॅटचं स्वरूप बदललं. जुनी आवृत्ती जानेवारी 2024 अखेर बंद झाली. आता तीन विभाग आहेत आणि प्रत्येकाला 45 मिनिटं मिळतात. क्वांटिटेटिव्ह रीझनिंगमध्ये (थोडक्यात क्वांट, म्हणजे गणित) 21 प्रश्न, व्हर्बल रीझनिंगमध्ये (आकलन आणि तर्क) 23 आणि डेटा इनसाइट्समध्ये (तक्ते, आलेख आणि माहितीवरचे प्रश्न) 20. म्हणजे एकूण 64 प्रश्न आणि सव्वादोन तास, मध्ये हवी असल्यास 10 मिनिटांची सुट्टी. एकूण गुण 205 ते 805 या पट्टीवर मिळतात, प्रत्येक विभागाचे 60 ते 90 या पट्टीवर, आणि तिन्ही विभागांचं वजन सारखं असतं. विभाग कोणत्या क्रमानं सोडवायचे हे तुम्ही ठरवता.

निबंध गेला, भूमिती गेली आणि वाक्यदुरुस्तीचे प्रश्नही गेले. हे मुद्दाम सांगतो, कारण जुनी पुस्तकं आणि फोटोकॉपी केलेल्या नोट्स अजूनही हातोहात फिरतात. त्यांतलं त्रिकोण-वर्तुळांचं प्रकरण सरळ बाजूला ठेवा. क्रिटिकल रीझनिंग (छोट्या युक्तिवादांवरचे तर्काचे प्रश्न), उताऱ्यांचं आकलन आणि अंकगणित-बीजगणिताचा भाग मात्र आजही तितकाच उपयोगी आहे.

प्रश्न तुमच्या आधीच्या उत्तरांप्रमाणे सोपे-अवघड होत जातात. त्यामुळे मध्येच एक सोपा प्रश्न आला म्हणून 'आपलं बिघडलं' असा अर्थ लावत बसू नका. तो अंदाज परीक्षेच्या खोलीत कुणालाच नीट करता येत नाही आणि त्यात वेळ मात्र जातो.

पहिला आठवडा: सराव परीक्षा द्या, पण एकच

परीक्षा घेणारी संस्था, म्हणजे जीमॅक, आपल्या संकेतस्थळावर दोन पूर्ण सराव परीक्षा विनामूल्य देते. त्यांतली एक अगदी सुरुवातीला, काहीही न वाचता द्या. घड्याळ लावून, एका बैठकीत. दुसरी जपून ठेवा. खऱ्या परीक्षेच्या पद्धतीनंच गुण देणारा सराव फार थोडा उपलब्ध असतो आणि सुरुवातीच्या उत्साहात तो संपवून टाकणं परवडत नाही.

या पहिल्या परीक्षेतले गुण कुणाला सांगायची गरज नाही. त्यांतून एवढंच पाहायचं: चुका कुठे साचल्या आहेत? वेळ पुरला नाही की वेळ पुरूनही चुकलं? एखादी संकल्पनाच आठवली नाही की आठवूनही प्रश्न भलताच वाचला? या उत्तरांवर पुढच्या तीन-चार महिन्यांचं वेळापत्रक ठरतं. नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्यानं रोज दीड-दोन तास आणि आठवड्यातला मोठ्या सत्राचा एक दिवस धरला तर हा काळ पुरेसा असतो, असं माझं मत आहे. रोजचा एक तास चुकवून रविवारी आठ तास बसणं या परीक्षेला फारसं मानवत नाही, कारण इथे सवय बदलायची आहे.

गणित: सूत्रापेक्षा प्रश्नातला शब्द महत्त्वाचा

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना एक भीती असते की गणित इंग्रजीतून येणार. ही भीती आठवडाभरात घालवता येते. लागणारे शब्द शंभराच्या आत आहेत आणि संकल्पना तुम्हाला शाळेपासून माहीत आहेत. इंटिजर म्हणजे पूर्णांक, त्यात ऋण संख्या आणि शून्यही आले. नॉन-निगेटिव्ह म्हणजे शून्य किंवा धन. प्राइम म्हणजे मूळ संख्या. 1 मूळ नाही आणि 2 ही एकमेव सम मूळ संख्या. फॅक्टर म्हणजे विभाजक, मल्टिपल म्हणजे पट, रिमेंडर म्हणजे बाकी, कॉन्सेक्युटिव्ह म्हणजे क्रमागत, मीडियन म्हणजे मध्यक. डिस्टिंक्ट हा शब्द दिसला की त्याखाली रेघ मारा: संख्या एकमेकींपेक्षा वेगळ्या आहेत, हे सांगण्यासाठीच तो तिथे असतो.

शेकडेवारीत वाचनाची चूक सर्वांत जास्त होते. 80 हे 50 च्या किती टक्के? 160. आणि 80 हे 50 पेक्षा किती टक्क्यांनी जास्त? 60. दोन्ही उत्तरं पर्यायांत हजर असतात. आता हा प्रश्न पाहा: एका कारखान्यात कामगारांची संख्या 25 टक्क्यांनी वाढली आणि एकूण पगारखर्च 50 टक्क्यांनी वाढला, तर सरासरी पगार किती टक्क्यांनी वाढला? घाईत वाचणारा 50 मधून 25 वजा करून 25 म्हणतो. कामगार 100 आणि पगारखर्च 100 धरा. नंतर कामगार 125 झाले, खर्च 150. भागाकार 1.2, म्हणजे वाढ 20 टक्के. इथे समीकरण मांडायची गरजही पडली नाही, सोयीची संख्या धरली की काम झालं.

ही सोयीची संख्या धरण्याची युक्ती आणि पर्याय उलटे घालून पाहण्याची युक्ती, दोन्हींचा सराव करा. पर्याय लहानापासून मोठ्यापर्यंत मांडलेले असतील तर मधला आधी घालून पाहावा. उत्तर जास्त आलं की कमी, यावरून निम्मे पर्याय लगेच गळतात. शिवाय क्वांट विभागात कॅल्क्युलेटर मिळत नाही. तो फक्त डेटा इनसाइट्समध्ये पडद्यावर असतो. म्हणून सरावात पहिल्या दिवसापासून मोबाइल दूर ठेवा. 1 ते 20 चे वर्ग, 1 ते 10 चे घन, आणि सहावा, सातवा, आठवा, नववा हिस्सा दशांशात किती, एवढं तोंडपाठ असलं की बराच वेळ वाचतो.

विषयांचा क्रम असा ठेवा: आधी संख्यांचे गुणधर्म, म्हणजे सम-विषम, विभाज्यता, बाकी. मग गुणोत्तर, शेकडेवारी आणि सरासरी. मग समीकरणं, असमता, घातांक. काळ-काम-वेग आणि मिश्रणाची गणितं त्यानंतर. क्रमचय-संचय आणि संभाव्यता शेवटी. अनेक जण हा शेवटचा विषय अवघड वाटतो म्हणून त्यावरच तीन-तीन आठवडे घालवतात. संख्यांचे गुणधर्म मात्र 'येतंच की' म्हणून सोडून देतात, आणि नेमके तिथलेच प्रश्न चुकतात.

माहिती पुरेशी आहे का?

डेटा सफिशियन्सी हा प्रकार आता डेटा इनसाइट्स विभागात आहे. त्यावर थोडं जास्त थांबतो, कारण या परीक्षेचा स्वभाव इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. एक प्रश्न आणि दोन विधानं दिलेली असतात. उत्तर काढायचं नसतं. उत्तर काढायला माहिती पुरते का, एवढंच सांगायचं असतं. पाच पर्याय कायम तेच: फक्त पहिलं विधान पुरेसं, फक्त दुसरं पुरेसं, दोन्ही मिळून पुरेशी, प्रत्येक स्वतंत्रपणे पुरेसं, दोन्ही मिळूनही अपुरी.

उदाहरण घेऊ. एन हा धन पूर्णांक आहे. एनला 6 नं निःशेष भाग जातो का? पहिलं विधान: एनच्या वर्गाला 12 नं निःशेष भाग जातो. दुसरं विधान: एनला 4 नं निःशेष भाग जातो.

पहिलं विधान एकटं घ्या. वर्गाला 12 नं भाग जातो म्हणजे 3 नंही जातो आणि 2 नंही जातो. 3 आणि 2 मूळ संख्या आहेत, त्यामुळे वर्गाला त्यांनी भाग जात असेल तर एनलाही जातोच. म्हणून एनला 6 नं भाग जातो. पुरेसं. आता पहिलं विधान डोक्यातून पूर्ण पुसून दुसरं घ्या. एन 4 असेल तर उत्तर 'नाही', 12 असेल तर 'हो'. अपुरं. उत्तर: फक्त पहिलं पुरेसं.

यात दोन सवयी दडल्या आहेत. एक, दुसरं विधान तपासताना पहिल्यातली माहिती चुकून वापरायची नाही. यासाठी कागदावर दोन वेगळे रकाने पाडा. दोन, ठाम 'नाही' हेसुद्धा पुरेसंच असतं. एखाद्या विधानावरून उत्तर नेहमीच 'नाही' येत असेल तर माहिती पुरली. अपुरं तेव्हाच, जेव्हा कधी 'हो' आणि कधी 'नाही' येतं.

आणि संख्या घालून तपासताना फक्त 2, 3, 5 घालू नका. शून्य, एक, ऋण संख्या, 0 आणि 1 मधला अपूर्णांक, या चार पाहुण्यांना प्रत्येक वेळी आत बोलवा. एक्स वायपेक्षा मोठा आहे का, असं विचारलं आणि एक्सचा वर्ग वायच्या वर्गापेक्षा मोठा आहे असं सांगितलं, तर 3 आणि 2 घालून 'हो' मिळतं, पण ऋण 3 आणि 2 घातले की 'नाही'. वर्गाऐवजी घन दिला असता तर माहिती पुरली असती, कारण घन घेताना चिन्ह टिकतं.

याच विभागात तक्ते, आलेख, दोन-तीन टॅबमध्ये विखुरलेली माहिती आणि दोन भागांत उत्तर द्यायचे प्रश्न येतात. एका प्रश्नाचे दोन-तीन भाग असतील तर सगळे बरोबर आल्याशिवाय गुण मिळत नाही. आलेख पाहताना आधी अक्षांवरची एककं वाचा, हजारांत आहे की लाखांत, टक्के आहेत की प्रत्यक्ष संख्या. मगच रेषांकडे वळा.

तर्क: निष्कर्ष शोधा, मग त्याची फट शोधा

क्रिटिकल रीझनिंगमध्ये चार-पाच ओळींचा युक्तिवाद असतो आणि त्याला बळकटी देणारं, त्याला कमजोर करणारं किंवा त्यामागचं गृहीतक असलेलं विधान निवडायचं असतं. आधी प्रश्न वाचा, मग युक्तिवाद. काय शोधायचं आहे हे माहीत असलं की वाचन आपोआप धारदार होतं.

समजा युक्तिवाद असा आहे: एका कंपनीनं कर्मचाऱ्यांना घरून काम करण्याची मुभा दिली. त्यानंतरच्या वर्षभरात आजारपणाच्या रजा निम्म्यावर आल्या. म्हणून घरून काम केल्यानं कर्मचारी कमी आजारी पडतात. हा युक्तिवाद सर्वांत जास्त कशामुळे कमजोर होतो?

पर्याय: काही कर्मचारी अजूनही कार्यालयात येतात. घरून काम करणारे किरकोळ आजारात रजा न टाकता काम चालू ठेवतात. दुसऱ्या एका कंपनीतही रजा कमी झाल्या. कर्मचाऱ्यांना नवी पद्धत आवडली आहे.

पुरावा रजांचा आहे आणि निष्कर्ष आजारपणाचा. या दोन शब्दांमधली फट दिसली की दुसरा पर्याय उचलून घेता येतो. रजा कमी झाल्या म्हणजे आजार कमी झाले, हे लेखकानं गुपचूप धरून चाललं होतं. बाकीचे पर्याय विषयाशी संबंधित आहेत, पण त्या फटीला हात लावत नाहीत. पर्यायांतले निम्मे पर्याय असेच असतात: खरे वाटणारे, विषयातले, आणि निरुपयोगी.

गृहीतक विचारलं असेल तर पर्याय उलटा करून पाहा. 'रजा न टाकता आजारपणात काम करण्याचं प्रमाण वाढलेलं नाही' हा पर्याय असेल, तर त्याचा नकार घ्या: ते प्रमाण वाढलं आहे. निष्कर्ष कोसळतो. म्हणजे हेच गृहीतक. नकार घेऊनही युक्तिवाद उभा राहत असेल तर तो पर्याय सोडा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. तुमचं बाहेरचं ज्ञान इथे दाराबाहेर ठेवा. अर्थशास्त्र शिकलेला माणूस महागाईवरच्या उताऱ्यात आणि डॉक्टर औषधांवरच्या उताऱ्यात जास्त चुकू शकतो, कारण लिहिलेल्यापेक्षा जास्त त्याला माहीत असतं. पानावर जे आहे तेवढंच खरं धरायचं.

उताऱ्यांच्या आकलनासाठी थोडक्यात: प्रत्येक परिच्छेद संपला की एका ओळीत मनात म्हणा, 'इथे लेखकानं काय केलं?' जुना सिद्धान्त मांडला, त्याला आक्षेप घेतला, नवा पुरावा दिला. तपशील लक्षात ठेवायचा नाही, तो कुठे आहे एवढं लक्षात ठेवायचं. 'पण', 'तथापि', 'उलट' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर थांबा, लेखकाचं खरं मत बहुधा त्यांच्यानंतर येतं. रोज विज्ञान, इतिहास किंवा अर्थकारणावरचा एक संथ, रुक्ष इंग्रजी लेख वाचा. आवडीचा विषय नको. कंटाळवाण्या मजकुरावर लक्ष टिकवण्याचीच सवय हवी आहे.

व्याकरण: मराठी कान कुठे दगा देतो

वाक्यदुरुस्तीचे प्रश्न जीमॅटमधून गेले असले तरी इतर काही प्रवेश परीक्षांत ते आहेत. शिवाय चाळीस-पन्नास शब्दांचं गुंतलेलं वाक्य उलगडायला व्याकरणच लागतं. कोणता कर्ता कोणत्या क्रियापदाचा, हे न कळता तर्काचा प्रश्न सुटत नाही. बाजारातली व्याकरणाची पुस्तकं सगळ्यांसाठी सारखे नियम देतात. मराठी बोलणाऱ्याला मात्र ठरावीक तीन-चार ठिकाणीच लक्ष द्यावं लागतं.

पहिलं, कर्ता आणि क्रियापद. मराठीत 'मुलींनी पत्र लिहिलं' म्हणताना क्रियापद कर्मामागे जातं. इंग्रजीत ते कायम कर्त्यामागेच जातं, मग दोघांमध्ये कितीही शब्द येवोत. 'द लिस्ट ऑफ न्यू रूल्स' यानंतर 'इज' येईल, 'आर' नाही, कारण कर्ता 'लिस्ट' आहे. मधला 'ऑफ'वाला तुकडा कंसात टाकून वाक्य पुन्हा वाचा. इथेच एक जोडी लक्षात ठेवा: 'द नंबर ऑफ' एकवचनी, 'अ नंबर ऑफ' अनेकवचनी.

दुसरं, सुरुवातीला येणारा लटकता तुकडा. 'रस्त्यानं चालताना झाडं सुंदर दिसली' हे आपल्याला खटकत नाही. चालणारा कोण हे मराठीत समजून घेतलं जातं. इंग्रजीत 'वॉकिंग डाउन द रोड' नंतर स्वल्पविराम आला की लगेच पुढे चालणाऱ्याचंच नाव यायला हवं. तिथे 'द ट्रीज' आलं तर वाक्य चूक.

तिसरं, तुलना. 'या शहराची लोकसंख्या त्या शहरापेक्षा जास्त आहे' हे मराठीत सहज चालतं. परीक्षेच्या इंग्रजीत लोकसंख्येची तुलना लोकसंख्येशीच करावी लागते, म्हणून तिथे 'दॅन दॅट ऑफ' असं हवं. 'दॅन' किंवा 'लाइक' दिसलं की दोन्ही बाजूंना काय आहे ते तपासा.

चौथं, समांतर रचना. 'अँड' किंवा 'ऑर'नं जोडलेल्या गोष्टी एकाच घडणीच्या हव्यात: तिन्ही नामं, किंवा तिन्ही क्रियापदं. शेवटच्या घटकापासून मागे वाचत गेलं की बिघडलेली जागा लगेच दिसते.

पर्याय निवडताना 'कानाला बरं वाटतं' हे कारण स्वीकारू नका. प्रत्येक नाकारलेल्या पर्यायासमोर एका शब्दात कारण लिहा: तुलना, कर्ता, समांतर. कारण लिहिता आलं नाही तर तो पर्याय अजून नाकारलेला नाही.

चुकांची वही

तयारीतलं सर्वांत मोलाचं साधन हे आहे आणि बहुतेक जण ते अर्ध्यावर सोडतात. प्रत्येक चुकलेल्या, आणि अंदाजानं बरोबर आलेल्या, प्रश्नासाठी चार गोष्टी लिहा: प्रश्नाचा प्रकार, लागलेला वेळ, मी तेव्हा काय विचार केला, आणि पुढच्या वेळी काय पाहिल्यावर मला हे आठवलं पाहिजे. शेवटची ओळ खरी कामाची. 'सिली मिस्टेक' हे लिहायचंच नाही, त्यातून काही शिकता येत नाही. 'टक्क्यांनी जास्त आणि टक्के यांत गल्लत, प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचली नाही' असं लिहा.

उत्तराचं स्पष्टीकरण लगेच उघडू नका. आधी घड्याळ न लावता तोच प्रश्न पुन्हा सोडवा. आता बरोबर आला तर अडचण वेळेची किंवा वाचनाची होती, तरीही चुकला तर संकल्पनेची. दोन आठवड्यांनी तेच प्रश्न कोऱ्या कागदावर परत सोडवा. नवे पन्नास प्रश्न सोडवण्यापेक्षा जुने वीस असे परत सोडवणं मला जास्त फायद्याचं वाटतं.

घड्याळ कधी लावायचं

पहिले सहा-सात आठवडे घड्याळाशिवाय. पद्धत पक्की होण्याआधी वेग आणला तर चुकाच वेगानं होतात. त्यानंतर दहा-दहा प्रश्नांचे वेळबद्ध संच, मग पूर्ण विभाग, मग दर आठवड्याला किंवा दहा दिवसांनी, राखून ठेवलेली सोडून दुसरी एखादी पूर्ण सराव परीक्षा.

क्वांटमध्ये एका प्रश्नाला दोन मिनिटांपेक्षा किंचित जास्त वेळ मिळतो, व्हर्बलमध्ये दोनपेक्षा किंचित कमी, डेटा इनसाइट्समध्ये सव्वादोन मिनिटं. दर प्रश्नाला घड्याळ बघू नका, टप्पे ठेवा. क्वांटमध्ये 7 प्रश्नांनंतर 30 मिनिटं उरलेली असावीत, 14 नंतर 15. व्हर्बलमध्ये 8 नंतर सुमारे 29 आणि 16 नंतर सुमारे 14.

एखाद्या प्रश्नावर दीड मिनिटानंतरही वाट दिसत नसेल, तर दोन पर्याय गाळा, उरलेल्यांतला एक निवडा, खूण करा आणि पुढे जा. विभागाच्या शेवटी वेळ उरला तर खुणा केलेल्या प्रश्नांकडे परत जाता येतं आणि प्रत्येक विभागात जास्तीत जास्त 3 उत्तरं बदलता येतात. ही सोय शेवटच्या मिनिटाच्या घबराटीत वापरू नका. नवी ठोस गोष्ट दिसली तरच उत्तर बदला. शेवटचे प्रश्न कोरे मात्र ठेवायचे नाहीत, विभाग अपुरा राहिला तर गुण कापले जातात.

शेवटचे दहा दिवस आणि परीक्षेनंतर

राखून ठेवलेली दुसरी सराव परीक्षा मुख्य परीक्षेच्या साधारण आठवडाभर आधी, त्याच वेळेला, त्याच क्रमानं द्या. विभागांचा क्रम इथेच पक्का करा. लक्ष सर्वांत जास्त खाणारा विभाग आधी घेणं बहुतेकांना जमतं. शेवटचे दोन दिवस फक्त चुकांची वही, नवे प्रश्न नाहीत. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न अक्षर जुळतं का हे आधीच पाहून घ्या. त्यात फरक असेल तर परीक्षेला बसू न देण्याची वेळ येते.

गुण मनासारखे आले नाहीत तर 16 दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते आणि 12 महिन्यांत जास्तीत जास्त 5 वेळा. गुण 5 वर्षं ग्राह्य असतात, त्यामुळे घाईची गरज नसते. पुन्हा बसायचं की नाही हे वहीवरून ठरवा. सरावात सातत्यानं चांगले गुण येत होते आणि त्या दिवशी एकाच विभागात वेळ कोलमडला, तर तीन-चार आठवड्यांत पुन्हा द्या. सरावातलेच गुण परीक्षेत आले असतील, तर तारीख घेण्याआधी ज्या दोन-तीन प्रकारांत चुका साचल्या आहेत त्यांच्यावर निदान दोन महिने पुन्हा घड्याळाशिवाय काम करा.